दाढेत राहिलेलं गाव

दिवाळीत तुम्ही रंगीत काड्यांची पेटी आणता. त्यातली लाल पेटणारी काडी आठवते? तो लाल रंग ज्याच्यामुळे येतो, त्याचं नाव स्ट्रॉन्शियम. आज त्याची गोष्ट सांगणार आहे, आणि त्याच्या मागे आयुष्य घालवणाऱ्या माणसांची. ही माणसं चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी वारलेल्या कुणाची तरी दाढ हातात घेतात आणि तिला विचारतात, तुझा धनी लहानपणी कुठे राहायचा गं?

"आणि दाढ सांगते?" धाकटीने विचारलंच.

सांगते. पण थोडंच, आणि तेही नीट विचारलं तरच. ऐका आता, आणि गोष्ट संपेपर्यंत उठायचं नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत, स्ट्रॉन्शियन नावाचं खेडं आहे. अठराव्या शतकात तिथे शिशाच्या खाणी होत्या. शिशाबरोबर खाणीतून एक जड, फिकट दगड निघायचा. लोकांना वाटे, हा आपला नेहमीचा बेरियमवाला दगड. १७९० साली अडेअर क्रॉफर्ड नावाच्या डॉक्टरांना संशय आला की हे प्रकरण वेगळं आहे. एडिंबरोच्या थॉमस चार्ल्स होप यांनी त्यावर आणखी प्रयोग केले आणि दाखवून दिलं की हा पदार्थ ज्योतीत धरला की ती किरमिजी होते. मग १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या मदतीने त्यातून धातू मोकळा केला. खेड्याचं नाव धातूला चिकटलं. खेडं कुणाला माहीत नाही, नाव मात्र जगभरच्या फटाक्यांत जळतंय. यातलं शिसं तेवढं लक्षात असू द्या, ते गोष्टीत परत येणार आहे.

थोरल्या, तुझ्या शाळेत भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता आहे ना? त्यात कॅल्शियम शोध आणि बोट सरळ खाली सरकव. लगेच स्ट्रॉन्शियम लागतं. एका उभ्या रांगेतले हे दोघे सख्खे शेजारी. वागणं सारखं, आकारात थोडा फरक. हाडं आणि दात करताना शरीराला हवं असतं कॅल्शियम. पण लग्नाच्या पंगतीत कसा एखादा आगंतुक नीट धोतर-उपरणं नेसून येऊन बसतो आणि वाढप्याच्या काही लक्षातच येत नाही, तसं हे स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या पाटावर जाऊन बसतं. शंभरात एक नाही, हजारातही एखादाच म्हणायचा. शरीराला त्याचा काही उपयोग नाही आणि एवढ्याशा प्रमाणात काही अपायही नाही. पण चार हजार वर्षांनी साक्ष द्यायला उभा राहतो तो हा आगंतुकच.

साक्ष कसली, तर तो कुठल्या दगडातून आला याची.

स्ट्रॉन्शियमचे अणू चार वजनांचे असतात: ८४, ८६, ८७ आणि ८८. रसायन एकच, वजन तेवढं वेगळं; यांना समस्थानिकं म्हणतात. त्यातले ८४, ८६ आणि ८८ जगात जेवढे आहेत तेवढेच राहतात. ८७ मात्र हळूहळू वाढत जातो. रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याचा ८७ वजनाचा अणू किरणोत्सर्ग करतो आणि त्याचं स्ट्रॉन्शियम ८७ होतं. किती सावकाश? मुठीतलं रुबिडियम ८७ अर्धं व्हायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. अख्ख्या विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं! म्हणजे विश्व जन्मल्यापासून मोजायला बसलात तरी ते अर्धं झालेलं दिसणार नाही. इतक्या मंद गतीचा उपयोग काय, असं मला विद्यार्थी विचारायचे. उपयोग हाच, की खडकही म्हातारे असतात.

ज्या खडकात मुळात रुबिडियम भरपूर आणि वयही जास्त, तिथे स्ट्रॉन्शियम ८७ साचलेलं असतं. जुना ग्रॅनाइट, अभ्रकाने चमचमणारे खडक, हे त्यातले. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, याच्या उलट. तो जमिनीच्या फार खोलातून वर आलेला, रुबिडियम कमी असलेला, आणि वयाने अवघा साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांचा. भूगर्भशास्त्रात हे वय पोरसवदाच. म्हणून ८७ ला ८६ ने भागलं की बसाल्टमध्ये उत्तर येतं ०.७०५ च्या आसपास, आणि जुन्या ग्रॅनाइटमध्ये ०.७२, ०.७३ किंवा त्याहूनही वर. समुद्राचं पाणी सगळीकडे ढवळलेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही महासागरात आज उत्तर एकच: ०.७०९२.

"एवढाच फरक?" थोरला म्हणाला. "दुसऱ्या-तिसऱ्या दशांशातला?"

एवढाच. आणि तो पाचव्या दशांशापर्यंत मोजता येतो, यातच तर सगळी गंमत आहे.

खडक झिजतो, त्याची माती होते. मातीतलं स्ट्रॉन्शियम गवतात, जोंधळ्यात, भाजीत चढतं. गवत गाय खाते, दूध आणि भाकरी तुम्ही खाता. या सगळ्या प्रवासात ८७ आणि ८६ मधलं नातं जवळजवळ तसंच राहतं. म्हणजे पायाखालचा खडक, तीन-चार हात बदलून, तुमच्या दाढेत येऊन बसतो.

पण दाढच का? हाड का नाही? कारण हाड जन्मभर मोडत-घडत असतं. आज तुमच्या मांडीच्या हाडात जे आहे ते दहा-वीस वर्षांनी बरंचसं बदललेलं असेल. त्यात हाड सच्छिद्र. जमिनीत पुरलं की मातीतलं पाणी पिऊन बसतं आणि ज्या जागी पुरलं तिथलीच भाषा बोलू लागतं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, हे मात्र हटवादी. वजनाच्या शंभर भागांतले सुमारे ९६ भाग निव्वळ खनिज. एकदा घडलं की त्यात जिवंत पेशी राहत नाहीत, डागडुजी नाही, बदल नाही. आणि घडायच्या वेळा ठरलेल्या. कायमच्या दातांतली पहिली मोठी दाढ तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण तिचं कवच हिरडीच्या आत घडायला लागतं ते जन्माच्या सुमारास, आणि तीन वर्षांच्या आत घडून संपतं. अक्कलदाढेचं कवच घडतं साधारण आठव्या वर्षापासून चौदाव्या-पंधराव्यापर्यंत. म्हणजे एका माणसाच्या या दोन दाढा मिळाल्या, तर त्याच्या पाळण्यातलं गाव आणि मिसरूड फुटायच्या वेळचं गाव, दोन्ही हाती आली.

आता प्रयोगशाळेत चला. तिथे काम करणाऱ्या मुलीला आपण ताई म्हणू. अशा ताया आणि दादा आज जगभर कितीतरी आहेत.

ताईच्या पुढ्यात दाढ येते त्याआधी पुष्कळ कागद फिरलेले असतात. दाढ कुणाच्या तरी संग्रहातली, कुणीतरी जपून उकरलेली, आणि हिचं काम तिचा तुकडा कापून आम्लात विरघळवण्याचं. एकदा विरघळली की गेली. म्हणून आधी तिचे फोटो, मापं, ठसा, कधी क्ष-किरणांनी आतलं चित्र. संग्रहालयवाले काचकूच करतात ते बरोबरच असतं. मला विचाराल तर या विद्येतली पहिली परीक्षा रसायनाची नाहीच; किती थोड्यात भागवता येईल, ही आहे. दहा-वीस मिलिग्रॅम चूर्ण पुरतं. साखरेच्या काही दाण्यांएवढं.

मग भिंगाखाली दाढ धरून ताई दंतवैद्याच्या असतात तसल्या बारीक यंत्राने वरचा थर खरवडून टाकते, कारण वरच्या थरात मातीचं काही शिरलेलं असू शकतं. आतलं स्वच्छ इनॅमल तेवढं घ्यायचं. खालचं पिवळसर दंतिन चुकूनही येऊ द्यायचं नाही, ते हाडासारखंच भोळं. हे चूर्ण नायट्रिक आम्लात विरघळतं. द्रावणात कॅल्शियमचा डोंगर आणि स्ट्रॉन्शियमचा एखादा कण. तो कण वेगळा करायला एका अरुंद नळीत खास राळेचे मणी भरलेले असतात. तीव्र आम्लात हे मणी स्ट्रॉन्शियमला धरून ठेवतात, कॅल्शियमला जाऊ देतात. मग जवळजवळ निव्वळ पाणी सोडलं की स्ट्रॉन्शियमही सुटतं. थेंब, थेंब, थेंब. घाई चालत नाही. या कामातल्या माणसांचं निम्मं आयुष्य थेंब पडताना बघण्यात जातं, आणि उरलेलं निम्मं भांडी धुण्यात.

"भांडी?" धाकटी हसली. ताई एवढी शिकली आणि भांडी घासते, याचं तिला भारी वाटलं.

अगं, खरंच. टेफ्लॉनच्या छोट्या वाट्या असतात. त्या गरम आम्लात बुडवून ठेवायच्या, दिवसच्या दिवस, पुन्हा पुन्हा, आम्ल बदलून. त्यात वापरायचं आम्लसुद्धा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेलं. खोलीत येणारी हवा गाळलेली. केसांवर टोपी, अंगावर झगा, बोटात अंगठी नाही. आणि प्रत्येक वेळी दाढेच्या नमुन्यांबरोबर एक कोरा नमुना चालवायचा: त्यात दाढ नाहीच, बाकी आम्ल, वाटी, नळी सगळं तेच. त्या कोऱ्या नमुन्यात स्ट्रॉन्शियम सापडलं, तर ते वाटीचं, हवेचं किंवा ताईचंच. मेलेल्या माणसाची गोष्ट ऐकायची तर आधी स्वतःला गप्प करावं लागतं. त्याला एवढा खटाटोप.

ही शिस्त जगाला लावली ती क्लेअर पॅटरसन या माणसाने, आणि ती शिशामुळे. हे गृहस्थ १९२२ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्मले. शिकागोमध्ये विद्यार्थी असताना त्यांना काम मिळालं खनिजांच्या बारीक कणांतलं शिसं मोजायचं. सोबतीला जॉर्ज टिल्टन होते; ते युरेनियम मोजत. टिल्टन यांचे आकडे जुळायचे आणि पॅटरसन यांचं शिसं मात्र कायम वाजवीपेक्षा कितीतरी जास्त यायचं. खडकात होतं त्याहून जास्त शिसं येतं कुठून? हळूहळू त्यांच्या लक्षात आलं: सगळीकडून. नळाच्या पाण्यातून, रंगातून, धुळीतून, कपड्यांवरून, केसांतून. पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत त्यांनी धूळ आत येणार नाही अशी खोली उभी केली, स्वतः फरशा घासल्या, सगळ्यांना टोप्या घालायला लावल्या. आणि १९५६ साली उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय छापलं: ४५५ कोटी वर्षं. आजही तो आकडा जवळपास तसाच उभा आहे.

दुसरा एखादा त्या आकड्यावर जन्मभर मिरवला असता. पॅटरसन यांना मात्र ते नको तिथलं शिसं काही स्वस्थ बसू देईना. सागरात मोजलं, ग्रीनलंडच्या बर्फात मोजलं. वरच्या, अलीकडच्या बर्फात शिसं जास्त. खोल, जुन्या बर्फात अगदी कमी. मोटारींच्या पेट्रोलमध्ये १९२० च्या दशकापासून शिशाचं संयुग मिसळत होते, ते धुरावाटे सगळ्या जगात पसरलं होतं. तेलवाल्यांना हे बोलणं रुचणारं नव्हतं, आणि त्यांच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत होते की माणसाच्या अंगात एवढं शिसं असणं नैसर्गिकच आहे. आता नैसर्गिक म्हणजे किती, हे ठरवणार कसं? त्यासाठी असा माणूस हवा ज्याने पेट्रोल पाहिलं नाही, शिशाचा नळ पाहिला नाही. म्हणजे मेलेलाच हवा. पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरू देशातल्या सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं घेतली आणि १९७९ साली निष्कर्ष छापला. विसाव्या शतकातल्या माणसाच्या हाडांत शिसं त्यांच्यापेक्षा शेकडो पट जास्त होतं. नैसर्गिक कसलं डोंबल!

पेट्रोलमधलं शिसं देशोदेशी एकेक करून बंद झालं, आपल्याकडे २००० साली. तुमचे आई-बाबा शाळेत जात होते तेव्हा रस्त्यावरच्या हवेत ते होतं. तुमच्या वेळी नाही.

त्या पेरूच्या लेखावर पॅटरसन यांच्याबरोबर जोनाथन एरिक्सन यांचं नाव आहे. याच एरिक्सन यांनी १९८५ साली सुचवलं की दातातलं स्ट्रॉन्शियम मोजून प्राचीन माणूस कुठून कुठे गेला हे शोधता येईल. शिशाच्या खाणीत सापडलेलं स्ट्रॉन्शियम, शिशाच्या मागे लागलेल्या माणसांच्या हातून, असं दातांपर्यंत पोचलं. असा योगायोग मी गोष्टीत घातला असता तर तुम्ही म्हणाला असता, आजोबा, काहीही सांगता.

वाटीतला तो स्ट्रॉन्शियमचा ठिपका मग मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात जातो. तिथे अणूंना विजेचा भार देऊन चुंबकाच्या क्षेत्रातून पळवतात. हलका अणू जास्त वळतो, जड कमी. वेगवेगळ्या वाटांनी आलेले ८६ आणि ८७ मोजले की झालं गुणोत्तर. यंत्र खरं बोलतंय ना, हे तपासायला मधूनमधून एक ठरलेला नमुना घालतात. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचं उत्तर ०.७१०२५ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर आजचा दिवस गेला. ताई डबा उघडते, गार झालेली पोळी-भाजी खाते आणि यंत्राच्या नळ्या पुन्हा धुवायला लागते.

आता हडप्पाला जाऊ. पाकिस्तानातल्या पंजाबात, रावी नदीच्या जुन्या पात्राजवळ हे शहर साडेचार हजार वर्षांपूर्वी भरात होतं. तिथे एक दफनभूमी सापडली आहे. शहर मोठं, शेकडो वर्षं नांदलेलं, आणि पुरलेली माणसं त्या मानाने अगदी थोडी. मग बाकीच्यांचं काय केलं? आणि या थोड्यांनाच का पुरलं? त्यांची लिपी अजून वाचता येत नाही, त्यामुळे लिहून ठेवलेला जबाब नाही.

इकडे हरियाणात, रोहतक जिल्ह्यात, फरमाणा नावाचं गाव आहे. तिथे आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने उत्खनन केलं आणि त्याच काळातली दफनभूमी सापडली. डेक्कन कॉलेजच्याच वीणा मुश्रीफ-त्रिपाठी या प्राचीन हाडं वाचण्यातल्या जाणकार. या दोघांचा, हडप्पाला वर्षानुवर्षं खणणाऱ्या जोनाथन मार्क केनोयर यांचा आणि फ्लोरिडा विद्यापीठातल्या बेंजामिन व्हॅलेंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मिळून एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणच्या माणसांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम आणि शिसं, दोन्ही मोजलं. दोन का? कारण एक साक्षीदार फितूर होऊ शकतो. दोन वेगळ्या खडककथा सांगणारे दोघे एकच बोलले, तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि दोघे काय बोलले? पुरलेली माणसं जवळजवळ सगळी बाहेरून आलेली होती. एकदाच कधीतरी लोंढा आला असं नव्हे. दफनभूमी शेकडो वर्षं वापरात होती आणि त्या सबंध काळात पुरले गेले ते बहुतेक पहिल्याच पिढीचे स्थलांतरित. त्याहून नवल पुढेच आहे. काहींच्या लहानपणी घडलेल्या दाताचं उत्तर वेगळं आणि नंतर घडलेल्या दाताचं वेगळं. म्हणजे ही माणसं शहरात आली ती मोठी होऊन नोकरी-धंद्यासाठी नव्हे. ती मुलं असताना आली.

"एकटी?" धाकटीचा चेहरा उतरला.

ते दात सांगत नाहीत, बाळा. अभ्यासकांचा अंदाज असा की लांबच्या, लाकूड, दगड, धातू अशा चिजा असलेल्या मुलखांचं आणि शहरांचं काही ठरलेलं नातं असावं. त्या नात्यात मुलं शहरातल्या घरी वाढायला पाठवली जात असतील आणि अशाच माणसांना मरणानंतर पुरायची रीत असेल. आपल्याकडेही पूर्वी मुलं शिकायला लांबच्या नातेवाइकांकडे राहत, मी स्वतः राहिलोय. पण म्हणून हडप्पातही तसंच होतं असं म्हणायला मी धजणार नाही. अभ्यासकांनीही निबंधात स्पष्ट लिहिलंय की आणखी वेगवेगळ्या मार्गांनी याची पडताळणी व्हायला हवी. मला हे वाक्य निष्कर्षाइतकंच आवडलं.

कारण या विद्येची एक मर्यादा आहे, आणि ती जो विसरला तो फसला. दाढ ठामपणे सांगते, "मी इथली नाही." पण "मग कुठली?" विचारलं की ती दहा ठिकाणांकडे बोट दाखवते, कारण एकाच गुणोत्तराचे खडक दहा ठिकाणी असतात. आणि "इथली नाही" म्हणायलासुद्धा आधी "इथलं" म्हणजे काय ते माहीत असावं लागतं. त्यासाठी ताई काय करते, सांगा पाहू? गोगलगायी गोळा करते! गावाबाहेर न जाणारे प्राणी हवेत. म्हणून गोगलगायी, उंदीर, आणि उत्खननातच सापडलेले डुकरांचे दात. झाडांची पानं, ओढ्याचं पाणी. ते सगळं मोजून "इथल्या"ची मर्यादा आखायची.

आणि ही आखलेली रेघच चुकली तर? त्याची एक गोष्ट डेन्मार्कची आहे, आणि मी ती मुद्दाम सांगतो.

१९२१ साली डेन्मार्कमध्ये एग्टवेड गावाजवळच्या टेकाडात ओकच्या खोडातून कोरलेली एक शवपेटी सापडली. आत एक मुलगी, सोळा-अठरा वर्षांची. लोकरीचा आखूड झगा, दोऱ्यांचा घागरा. पेटीतल्या आम्लधर्मी पाण्याने तिची हाडं नाहीशी केली होती. केस, नखं, कपडे आणि दातांचं इनॅमल मात्र टिकलं. ओक कापला गेला इसवीसनपूर्व १३७० साली, हे खोडाच्या वलयांवरून कळतं. तर २०१५ साली कारिन मार्गारिटा फ्राय यांच्या गटाने तिची दाढ, केस आणि कपडे तपासले आणि सांगितलं की ही मुलगी डेन्मार्कमधली नव्हेच, बहुधा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडची असावी. केसांवरून तर शेवटच्या दोनेक वर्षांतल्या तिच्या येण्याजाण्याचाही अंदाज बांधला. डेन्मार्कमध्ये केवढी खळबळ! शाळेच्या पुस्तकातली आपली मुलगी परदेशी निघाली!

चार वर्षांनी ऑर्हुस विद्यापीठातल्या एरिक थॉमसेन आणि रास्मुस आंद्रेआसेन यांनी एक साधी शंका काढली. "डेन्मार्कचं" गुणोत्तर ठरवताना पाणी कुठलं घेतलं होतं? शेतीच्या भागातलं. आणि डॅनिश शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आम्लधर्मी जमीन सुधारायला शेतात चुन्याची भुकटी टाकतात. चुन्यात स्ट्रॉन्शियम भरपूर, आणि त्याचं गुणोत्तर जमिनीच्या मूळच्यापेक्षा कमी. म्हणजे आजचं पाणी जे सांगत होतं ते कांस्ययुगातल्या मातीचं नव्हतं, चुन्याच्या पोत्याचं होतं. त्यांनी शेती न झालेल्या जागांचं पाणी शोधून मोजलं, तर थडग्यापासून जवळच त्या मुलीच्या दातांशी जुळणारी गुणोत्तरं मिळाली. ती कदाचित जन्मभर गावाबाहेर फारशी गेलीच नसेल. पहिल्या गटाने आपली बाजू मांडली आहेच, वाद चालू आहे. दाढेचं मोजमाप मात्र दोघांनाही मान्य. चुकला असेल तर नकाशा.

म्हणजे बघा, प्रयोगशाळेत ताईने वाटीतून आजचं जग घालवून टाकलं, आणि ते मागच्या दाराने, शेतातल्या ओढ्यातून परत आलं.

"आपल्याकडे का नाही करत हे?" थोरल्याचा प्रश्न रास्त होता. "इनामगावला करायचं!"

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव त्याने शाळेच्या सहलीत पाहिलंय. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीत पुरायचे. त्या लोकांचं कुतूहल कुणाला नाही वाटणार? पण इथे आपला काळा कातळच आडवा येतो. दख्खनचा बसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. नाशिकला जन्मलेला माणूस पुण्याला येऊन वारला, तर त्याच्या दोन दाढा बहुधा एकच सूर लावतील. सौराष्ट्राचा बराच भागही याच कातळाचा. म्हणजे या साधनाला आपला मुलूख जरा मुका आहे. पण भंडारा, गडचिरोलीकडे जा, नाहीतर खाली सिंधुदुर्गात मालवणच्या बाजूला. तिथे फार जुने, ग्रॅनाइटच्या जातकुळीचे खडक आहेत. तिकडून कुणी घोड नदीकाठी येऊन राहिला असता तर त्याची दाढ लपवू शकली नसती. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दाढेत समुद्रही डोकावतो. खारे वारे आणि मासे मिळून गुणोत्तर ०.७०९२ कडे ओढतात. तेव्हा काम करता येईल, पण प्रश्न निवडून विचारावा लागेल. शिवाय तिथेही आधी गोगलगायी.

"मग माझे दात काय सांगतील?" धाकटीने तोंड उघडून पुढे केलं.

तुझे? तुझे दात ताईला वेड लावतील. गहू मध्य प्रदेशातला, तांदूळ मावळातला, सफरचंद काश्मीरचं, डाळ कुठली ते वाण्यालाही माहीत नाही. दूध डेअरीचं, म्हणजे शंभर गोठ्यांतलं एकत्र. एका गावचा खडक तुझ्या दाढेत यायचा कसा? पूर्वीसुद्धा थोडं असं व्हायचं, बरं का. ग्वाटेमालात, समुद्रापासून लांब जंगलात, माया लोकांचं टिकाल नावाचं शहर होतं. तिथल्या माणसांच्या दातांचं उत्तर भोवतालच्या चुनखडीशी नीट जुळेना, थोडं वर यायचं. सगळेच परके कसे असतील? लोरी राइट या अभ्यासिकेने सुचवलं की हे लोक समुद्राचं मीठ आणून खात असावेत. मिठाबरोबर समुद्र दातात शिरला होता.

थोरल्या, तू बारा वर्षांचा. तुझी अक्कलदाढ आत्ता हिरडीच्या आत घडते आहे, तेव्हा तुझी साक्ष अजून चालू आहे.

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "आजोबा, आजीच्या लोणच्यात जाडं मीठ असतं ना? आगरातलं?"

असतं की. घे अजून एक फोड.